कंबर मोजायची तर अख्ख्या घराची

सातारा जिल्ह्यात आरोग्य सहाय्यिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. आता गावोगावच्या बचत गटांबरोबर कंबर मोजायचे कार्यक्रम घेते. सारखे फोन येतात, ‘सिस्टर, आमच्याकडं पण घ्यायचाय, काय काय लागतं?’ फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून इथं नीट लिहून ठेवतेय. लिहिलंय गावासाठी, पण शहरातल्या सोसायटीलाही चालेल. समाजमंदिराच्या जागी क्लबहाऊस धरा.

आधी, हे कशासाठी करायचं ते. पोटाचा घेर वाढलेला, बीपी जरा वर, उपाशीपोटीची शुगर बॉर्डरवर, रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी जास्त आणि एचडीएल नावाची चांगली चरबी कमी. या पाचांतल्या कुठल्याही तीन गोष्टी एका माणसात सापडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. एकेक गोष्ट सुटी बघितली तर कोणी मनावर घेत नाही. ‘थोडंसंच बीपी आहे’, ‘खात्यापित्या घरचा आहे, पोट असायचंच’. दुखत-खुपत काही नसतं, शेतातली कामं चालू असतात. पण या गोष्टी एकत्र आल्या की पुढं डायबेटिस, हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका चांगलाच वाढतो. आणि तो साठी-सत्तरीपर्यंत थांबत नाही, ऐन कमावत्या वयात गाठतो.

या पाचांतल्या बहुतेक गोष्टींचं मूळ एकच आहे, असं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली मांडलं. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर ताब्यात ठेवणारा शरीरातला रस. शरीर त्याला दाद देईनासं होतं, हे ते मूळ. आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये चरबी साठत गेली की लिव्हर रक्तात साखर आणि ट्रायग्लिसराइड सोडत राहतं. ट्रायग्लिसराइड वाढलं की एचडीएल उतरतं. शरीर जास्तीचं इन्सुलिन तयार करतं, त्यानं मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि बीपी चढतं. म्हणून मी सुरुवात पोटाच्या घेरापासून करते. पाचांतलं हे एकच माप सुई न टोचता, मशीन न लावता घेता येतं.

आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेनं केलेल्या इंडिआब नावाच्या डायबेटिसच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांना तपासून काढलेले आकडे आहेत. डायबेटिस ११.४ टक्के, बॉर्डरवर आणखी १५.३ टक्के, बीपी ३५.५ टक्के, पोटाचा घेर जास्त असलेले ३९.५ टक्के. रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड असलेले तर ८१.२ टक्के. डायबेटिसमध्ये सगळ्यात वर आपलं शेजारचं गोवा, २६.४ टक्के. मी नोकरीला लागले तेव्हा वजनकाटा बाहेर काढायचा तो कोणाचं वजन कमी भरतंय हे बघायला. आता त्याच वस्त्यांवर पस्तिशीतल्या मुलांना शुगरच्या गोळ्या चालू आहेत. हे बघून जीव तुटतो.

या कामात मला एक गोष्ट पक्की कळलीय. पथ्य एकट्या माणसाचं टिकत नाही. घरात तेलाचा डबा एकच, चहाचं पातेलं एकच, रात्री जेवायची वेळही एकच. मुलाला डॉक्टरांनी पथ्य सांगितलं की आई आठ दिवस त्याच्यासाठी वेगळी भाजी करते आणि नवव्या दिवशी पुन्हा सगळ्यांची एकच भाजी होते. तिचं तरी काय चुकलं? एका चुलीवर दोन स्वयंपाक कोण किती दिवस करणार? म्हणून माझ्या वहीत एका माणसाला एक ओळ आणि एका घराला एक पान असतं. तुम्हीही तसंच करा. माणसं एकेकटी बोलावू नका, घरं बोलावा.

तयारी

मापाची टेप शिंप्याच्या दुकानात मिळते ती चालेल, पण जुनी नको. वापरून वापरून ती ताणते. स्टीलच्या पट्टीशेजारी धरून बघा, माप जुळलं नाही तर दुसरी घ्या. इंचाची बाजू बघायचीच नाही, सेंटिमीटरच वाचायचे. बीपीचं डिजिटल मशीन दंडावर पट्टा बांधायचं हवं, मनगटावरचं नको. पट्टा दोन मापांचा असेल तर फार बरं, कारण जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं आणि माणूस विनाकारण घाबरतो.

तारीख ठरवायच्या आधी उपकेंद्रावर जाऊन सीएचओंना, म्हणजे तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, आणि आशाताईंना सांगा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासायची हे सरकारी कार्यक्रमातच आहे. आशाताईंकडं त्यासाठी सीबॅक नावाचा फॉर्म असतो. वय, तंबाखू-विडी, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि आईवडील-भावंडांचे आजार, अशा सहा गोष्टींना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी करायची. तुमच्या कार्यक्रमात कंबर नीट मोजली गेली तर आशाताईंचं अर्धं काम तिथंच होतं. घाईत, दारात उभ्या उभ्या साडीवरून घेतलेलं माप खरं नसतं, हे त्याही जाणतात.

बायकांसाठी आडोसा हवा आणि माप घेणारी बाईच हवी. आणि एक नियम पहिल्यांदाच सगळ्यांना सांगायचा. माप मोठ्यानं वाचायचं नाही, वहीत लिहायचं आणि ज्याचं त्याला दाखवायचं. कोणी कोणाला ‘ढेरपोट्या’ म्हणून हसलं की तो माणूस पुन्हा येत नाही, आणि ज्याला यायची सगळ्यात जास्त गरज असते तोच नेमका जातो.

टेप कुठं धरायची

इथं घाई करू नका. अंगातला सदरा वर घ्यायला सांगा. बाजूनं बोटांनी चाचपत सगळ्यात खालची बरगडी शोधा. मग खाली कंबरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा. दोन्हींच्या बरोबर मधोमध पेनानं बारीक खूण करा, दुसऱ्या बाजूलाही तशीच. या दोन खुणांवरून टेप फिरवायची. मागून ती खाली उतरलेली नाही ना, हे दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगा, कारण माप घेणारीला समोरून पाठ दिसत नाही. टेप अंगाला टेकलेली हवी, रुतलेली नको. माणसानं दोन्ही पाय जवळ घेऊन सरळ उभं राहायचं, नेहमीसारखा श्वास घ्यायचा आणि सोडायचा. सोडून झाला की आकडा वाचायचा. टेप अंगाला लागली की पुरुष हमखास पोट आत ओढतात. त्यांच्याशी एखादं वाक्य बोला, बोलताना पोट आपोआप सुटतं. माप दोनदा घ्या. एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा घ्या.

साडी नेसणाऱ्या बायकांच्या कंबरेला परकराच्या नाडीचा खोल वळ असतो. नाडी आवळलेली असतानाच माप घेतलं तर मांस वर-खाली ढकललेलं असतं आणि आकडा चुकतो. नाडी सैल करून दोन-तीन मिनिटं बसू द्या, मग घ्या. गरोदर बाईचं आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं माप घ्यायचं नाही.

पुरुषांचं दुसरंच असतं. ‘माझी चौतीसची पँट आहे सिस्टर, मला कशाला मोजता?’ चौतीस इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर, म्हणजे ठीकच वाटतं. पण पँट ढेरीच्या खाली अडकवलेली असते. बरगडी आणि हाडाच्या मधोमध टेप धरली की तोच माणूस ९७-९८ भरतो. पँटच्या नंबरावर कधीच जाऊ नका.

आपल्या लोकांसाठी रेषा अशी आहे. पुरुष ९० सेंटिमीटर, बाई ८० सेंटिमीटर. तेवढी किंवा त्याहून जास्त भरली तर पाचांतली एक खूण धरायची. युरोपातल्या पुरुषांसाठी हीच रेषा ९४ आहे. आपली खाली का, याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे आपला माणूस काट्यावर बारीक दिसतो आणि आतून चरबी बाळगून असतो. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात ही गोष्ट जन्मापासूनच दिसली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांची मांसपेशी कमी भरली, चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. हातपाय काटकुळे आणि पोट पुढं, असा तरुण तुमच्या गल्लीत असेलच. ‘मी कुठं जाड आहे?’ म्हणून तो रांगेत येणार नाही. त्याला हाताला धरून आणा.

टेप नसेल त्या घरासाठी सुतळी पुरते. माणसाच्या उंचीएवढी सुतळी कापायची, बरोबर दुमडून अर्धी करायची आणि त्याच जागी कंबरेभोवती घालायची. टोकं जुळली नाहीत तर घेर जास्त आहे. म्हाताऱ्या माणसांना सेंटिमीटरपेक्षा हे पटकन कळतं.

माप घेताना मानेकडंही बघा. मानेमागं, काखेत काळी, मखमलीसारखी जाड झालेली कातडी असेल तर ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते. आया मुलांची मान ‘मळलीय’ म्हणून घासघासून लाल करतात. तो मळ नाही, घासून जाणार नाही. पोरांना घासणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. मोठ्यांच्या रेषा मुलांना लावायच्या नाहीत, आणि त्यांच्यासमोर त्यांच्या जाडीची चर्चा तर मुळीच नको.

बीपी आणि रक्त

बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन यायचं. पट्टा फुगत असताना बोलायचं नाही, आणि बचत गटाच्या कार्यक्रमात हेच सगळ्यात अवघड असतं. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा. १३०/८५, म्हणजे वरचा १३० किंवा खालचा ८५, यातलं एकही गाठलं तरी खूण धरायची. १४०/९० च्या पुढं असेल तर दुसऱ्या दिवशी उपकेंद्रावर पुन्हा मोजून डॉक्टरांकडं. १८०/११० आलं तर त्याच दिवशी. आणि छातीत दुखतंय, दम लागलाय, तोंड वाकडं झालंय, हातातली ताकद गेलीय, असं काही असेल तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.

रक्त सकाळी उपाशीपोटी. रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास पाण्याशिवाय काही नाही. बिनसाखरेचा चहाही नको. उपाशीपोटीची शुगर १०० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषात ४० च्या खाली आणि बाईत ५० च्या खाली, या तीन खुणा. बीपी, शुगर किंवा चरबीसाठी आधीच गोळी चालू असेल तर आकडा चांगला आला तरी ती खूण धरायचीच. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत. चरबीची तपासणी जवळ कुठं होते ते सीएचओंना विचारा.

लॅबचा कागद वाचताना एक जपा. बऱ्याच कागदांवर शुगरची नॉर्मल मर्यादा ७० ते ११० छापलेली असते. मग १०६ आली तरी पुढं कसलीच खूण येत नाही, आणि घरी सांगितलं जातं, ‘सगळं नॉर्मल’. एचडीएलची मर्यादा बायका-पुरुष दोघांना मिळून ४० दिलेली असते, त्यामुळं ४४ वाली बाई सुटते. म्हणून छापील मर्यादेवर न जाता वर दिलेले आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि त्यांच्याशी ताडून बघा. शुगर १२६ किंवा पुढं असेल तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडं जायचं. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढं असेल तर वाट बघायची नाही, स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते.

कपाटातले जुने कागदही आणायला सांगा. ‘सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर आलं होतं, काही नसतं म्हणाले’, असं ऐकायला मिळतं. पाचांच्या यादीत फॅटी लिव्हर नसलं तरी ते त्याच घरचं आहे. गरोदरपणात शुगर वाढलेली बाई असेल तर तिची दोन्ही हातांनी काळजी घ्या. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणि मग दर वर्षी तिची शुगर बघायलाच हवी, आणि बाळाच्या धावपळीत ती कधीच बघितली जात नाही.

घराचं पान

एका घराचं पान सांगते. सासूबाईंना बीपीची गोळी, कंबर ८९, एचडीएल ३८. मुलगा अडतीस वर्षांचा, कंबर ९७, ट्रायग्लिसराइड २४०, बीपी १३४/८८. सून तेहेतीस वर्षांची, कंबर ८६, शुगर १०८, दुसऱ्या बाळंतपणात शुगर निघाली होती. सासरे शेतात राबणारे, कंबर ८७, सगळं ठीक. नातू अकरा वर्षांचा, मान काळी. हे सगळं एका पानावर आलं तेव्हा मुलगा बराच वेळ ते पान बघत बसला. तोपर्यंत घरात आईचं बीपी हा एकच आजार धरला जायचा.

वहीत पान पूर्ण झालं की मी त्या घरच्या स्वयंपाकघरात जाते. सल्ला द्यायच्या आधी तीन गोष्टींवर तारखा लिहायला लावते. तेलाचा डबा, साखरेचा डबा आणि मिठाचा पुडा. उघडला त्या दिवशी मार्करनं तारीख टाकायची, संपला की वहीत लिहायचं. कोण किती खातं यावर घरात भांडणं होतात. डबा कधी संपला यावर होत नाहीत.

हिशोब असा. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. पाच माणसांच्या घरात पंधरा किलोचा डबा सहा महिने पुरायला हवा. दोन-अडीच महिन्यांत संपला तर उत्तर मिळालं. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे पाच जणांना एक किलोचा पुडा चाळीस दिवस. शिवाय पापड, लोणचं, फरसाण यातलं मीठ वेगळंच, म्हणून पुडा चाळीसच्याही पुढं जायला हवा. साखर माणशी दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत, तीही बिस्किटं, गोळ्या, थंड पेयं यातली धरून. पाच जणांना महिन्याला पावणेचार किलो ही अगदी वरची मर्यादा झाली. आमच्या भागात कारखान्याची सभासदांची साखर घरात एकदम येते, आणि दारात पोतं असलं की चमच्याला आवर राहत नाही. ते पोतं नजरेआड ठेवा आणि महिन्याची साखर मोजून डब्यात काढा.

वर सांगितलेल्या घरात साखर महिन्याला सहा किलो लागत होती. बरीचशी चहात जायची. कपाला दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम, दिवसाला चार कप म्हणजे चाळीस ग्रॅम. चहा बंद करायला सांगू नका, कोणी ऐकत नाही आणि ऐकायचं कारणही नाही. पातेल्यातली साखर कमी करा. पाच जणांच्या चहाला दहा चमचे पडत असतील तर या आठवड्यात नऊ, पुढच्या आठवड्यात आठ. घरात कोणाला सांगायचंसुद्धा नाही. चार चमच्यांवर आल्यावर त्या सूनबाईंनीच सांगितलं की पाहुण्यांकडचा चहा आता घशाखाली उतरत नाही. गुळाचा चहा म्हणजे औषध, असा समज हल्ली फार पसरलाय. इन्सुलिनच्या दृष्टीनं गूळ, काकवी, मध ही साखरच. आणि चहाबरोबरची खारी, टोस्ट, बटर हा मैदा आणि तूप-डालड्याचा गोळा आहे. त्याजागी मूठभर भाजके शेंगदाणे किंवा फुटाणे ठेवा.

ताटाबद्दल थोडंच सांगते. भाजी, उसळ, कोशिंबीर यांनी अर्धं ताट भरा आणि जेवायला सुरुवात त्यांच्यापासून करा. मटकी, हरभरा, मूग, चवळी रोज कुठल्या तरी रूपात हवी. आपल्या जेवणात डाळीचं पाणीच जास्त आणि डाळ कमी असते. भाकरी चांगली, पण चांगली म्हणून तीन नकोत. भात भाकरीच्या वर नको, भाकरीच्या ऐवजी घ्या. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर केळं, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त पिष्ट पोटात जातं. थोडी भगर, दाण्याची आमटी, ताक, काकडी, एवढ्यावर उपवास छान होतो. हल्ली बरेच जण दिवसातून दोनदाच जेवायचं ठरवतात. ज्यांना झेपतं त्यांनी करावं, पण शुगरसाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण चुकवू नये. शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

चालायला वेळ कोणाला आहे

आठवड्याला दीडशे मिनिटं जरा दम लागेल असं चालायचं, म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. ते जमेपर्यंत शतपावली धरा. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. शिवाय आठवड्यातून दोनदा ताकदीचं काही हवं. सूर्यनमस्कार, बैठका, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. आपली मांसपेशी मुळात कमी, म्हणून हे आपल्याला जास्त लागू आहे.

पण शतपावली म्हटली की पुरुष बाहेर पडतात आणि बायका भांडी घासायला बसतात. हे मी घरोघर बघितलंय आणि मला त्याचा राग येतो. भांड्यांना हातभार लावा किंवा भांडी तशीच ठेवून सगळे मिळून चाला. गावात बाई एकटी ‘उगाच’ रस्त्यावर फिरली की चार लोक विचारतात, म्हणून गटच करा. बचत गटातल्या आठ-दहा जणी एकत्र निघाल्या की कोणी काही बोलत नाही, आणि एकीला कंटाळा आला तरी बाकीच्या हाक मारून नेतात.

एवढ्यानं खरंच काही होतं का, असं विचारतात. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. बॉर्डरवरच्या भारतीय माणसांत नुसत्या आहार आणि चालण्यानं डायबेटिस होण्याचं प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं २६.४ टक्क्यांनी. वजन जास्त असेल तर पाच ते सात टक्के उतरलं तरी पुष्कळ फरक पडतो. ऐंशी किलोच्या माणसाला चार-साडेपाच किलो, बस.

तंबाखू, मिश्री, विडी, दारू यांच्याबद्दल वेगळं काय सांगू? दारूनं ट्रायग्लिसराइड चढतं, विडी-सिगरेटनं एचडीएल उतरतं. पान पूर्ण करताना हेही विचारा आणि लिहा. झोपेत जोरात घोरणारा, मधेच श्वास अडकून दचकणारा माणूस असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं असतं.

गोळ्यांच्या बाबतीत कडक राहा. बीपी नॉर्मल आलं म्हणजे गोळी काम करतेय. ती आपल्या मनानं बंद करायची नाही. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड घ्यायची हौस असेल तर घ्या, पण गोळीच्या जागी नको. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. तेव्हापासून बीपीची गोळी गावाजवळ मिळावी म्हणून धडपड चाललीय. उपकेंद्रावर गोळी संपली असेल तर रिकाम्या हातानं परत येऊ नका, पुढच्या तारखेची नोंद करून घ्या.

तीन महिन्यांनी तीच टेप, तीच माणसं, तेच पान. वजन हललेलं नसलं तरी कंबर उतरलेली असू शकते, तेव्हा निराश होऊ नका. ट्रायग्लिसराइड लवकर उतरतं, एचडीएल सावकाश चढतं. त्या घरात तीन महिन्यांनी मुलाची कंबर ९३ झाली, साखर साडेतीन किलोवर आली. सूनबाईंची शुगर अजून बॉर्डरवरच आहे, त्या आता स्वतःहून तपासायला जातात. सासूबाईंचं एचडीएल तिथंच आहे.

घराच्या बाहेरचंही काही आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी ग्रामसभा आहे. पन्नास घरांची पानं भरली की नावं न लिहिता बेरजा काढा. किती घरांत एक तरी माणूस तीन खुणांचा निघाला, तेवढा आकडा पुरे. मग मागण्या मांडा. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत, हा नियम २०२० चा आहे, तो पाळा. बायका चालतात त्या रस्त्यावर दिवे लावा. अंगणवाडीत आणि घरात मुलींना पोटभर उसळ-अंडं मिळतंय का ते बघा, कारण आज अर्धपोटी वाढणारी मुलगी उद्या अडीच किलोच्या बाळाची आई होते. ग्रामपंचायतीच्या बैठकीत चहा बिनसाखरेचा करून साखर बाजूला ठेवा, ज्याला हवी तो घालून घेईल. प्रत्येक मागणीचा ठराव वेगळा लिहून घ्या, सूचक-अनुमोदकांची नावं घाला, आणि त्याची प्रत वहीच्या मागच्या पानाला चिकटवून पुढच्या ग्रामसभेला वही बरोबर न्या.